पणजोबा, जीआयपी रेल्वे आणि टेशनाची पट्टी (शोधाच्या नोंदी)

१२ जानेवारी २०२५

घरात जे काही होतं ते आज एका फाईलीत घातलं. आपल्याकडे जुने कागद कोणी हौसेनं जपत नाही, जातपडताळणीला लागतात म्हणून जपतात, तशीच आमची फाईल. आजोबांच्या शाळेचा उतारा, काकांनी स्टॅम्पपेपरवर केलेलं वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, गावच्या जमिनीचे थोडेफार सातबारे, बस. पणजोबांचा फोटो नाही, कधी काढलाच नसणार.

पणजोबांबद्दल घरात पक्कं एवढंच की ते जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत इगतपुरीला गँगमन होते, रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीतले मजूर. बाकी दोन गोष्टी सांगतात आणि दोन्ही छातीठोकपणे. काकांची गोष्ट अशी की घाटात काम करताना गाडीखाली गेले. दादांची गोष्ट अशी की संपात नोकरी गेली, बिऱ्हाड उचलून गावी आले आणि गावीच वारले. आता एक माणूस गाडीखाली जाऊन परत गावी येऊन वारू शकत नाही, पण गेली पन्नास वर्षं आमच्याकडे दोन्ही गोष्टी सुखानं नांदतायत.

तिसरी गोष्ट शेताची. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावाला रेल्वेचा दूरदूरपर्यंत संबंध नाही, तरी आमच्या एका शेताला अख्खं गाव टेशनाची पट्टी म्हणतं. घरचं उत्तर ठरलेलं आहे, पणजोबांनी रेल्वेच्या पगारातून सावकाराकडून सोडवली म्हणून. असेल बाबा. वंशावळीत पणजोबा एकुलते एक दाखवलेत.

१९ जानेवारी

देवळाली गावात आत्याआजीकडे गेलो. आजोबांची सगळ्यात धाकटी बहीण, नव्वदीत आहे, कमी ऐकू येतं पण एकदा सुरू झाली की मग थांबत नाही. मोबाईल समोर ठेवला तर आधी विचारलं, "हे कुठं दाखवू राहिला तू?" कुठंच नाही म्हटल्यावर बोलली.

"मी मांडीवर होते तेव्हा बाप गेला. मला काय आठवणार, माय सांगायची तेवढंच." कशानं गेले विचारलं तर म्हणे तापानं. मी म्हटलं आजी, काका तर सांगतात गाडीखाली गेले. त्यावर हातच झटकला तिनं. "गाडीखाली तो नाही रे, गाडीखाली थोरलीचा नवरा."

थोरली कोण? तर पणजीची थोरली जाऊ. म्हणजे पणजोबांना थोरला भाऊ होता! आणि एवढ्या वर्षांत आमच्या घरात त्याचं नाव कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. पुढं विचारणार तेवढ्यात चहा आला आणि विषय कांद्याच्या भावावर गेला तो गेलाच.

३ फेब्रुवारी

रजा टाकून आजोबांच्या दोन्ही शाळांचे उतारे काढले, इगतपुरीचा आणि गावचा. एका ठिकाणी "साहेब मीटिंगला गेलेत" यावर अख्खी सकाळ बसवून ठेवलं, कुठं ते लिहीत नाही. पण एकदा जनरल रजिस्टर समोर आलं की राग विसरतो माणूस. दोन्ही हातांनी उचलावं लागतं असं जाड, कापडी पुठ्ठा, कडा कसरीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली, आणि हेडमास्तरांचं अक्षर मात्र असं की आजही खाडाखोड सापडत नाही.

इगतपुरीच्या शाळेत दाखल जून १९२७. जन्मतारीख १ जून, अर्ध्या महाराष्ट्राची असते तीच. पालकाच्या नावापुढं "रेल्वे गँग". शाळा सोडली मार्च १९३०, कारणाच्या रकान्यात "गावी गेल्यावरून". गावच्या शाळेत दाखल जून १९३०, तिथं पालकापुढं "मजुरी".

उपयोगी पडला तो पालकाच्या नावापुढचा हा रकानाच. कोणाला दाखला काढायचा असेल तर नुसत्या दाखल्यावर समाधान मानू नका, जनरल रजिस्टरच्या त्या अख्ख्या ओळीची नक्कल मागा. पालकाच्या कामासारखे रकाने दाखल्यावर येतीलच असं नाही, ते रजिस्टरमध्येच पडून राहतात.

९ फेब्रुवारी

मार्च १९३० का, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. जीआयपी रेल्वेचा मोठा संप फेब्रुवारी १९३० मध्ये सुरू झाला. कंपनी १९२५ लाच सरकारनं ताब्यात घेतलेली होती, म्हणजे संप सरकारविरुद्धच. संप मिटल्यावर पुष्कळ लोकांना परत घेतलंच नाही. याच महिन्यांत नाशकात २ मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा राहिला आणि १२ मार्चला तिकडं गांधीजी दांडीला निघाले, त्यामुळे पुस्तकांत हा संप एखाद्या ओळीत उरकतात. सार्वजनिक वाचनालयात जाऊन थोडं वाचलं. मुंबई सरकारचं लेबर गॅझेट म्हणून मासिक १९२१ पासून निघायचं, त्याचे बरेच अंक पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या डिजिटल लायब्ररीत फुकट वाचायला मिळतात, ते बघतोय. त्यात संप, मजुरी, बाजारभाव सगळं आहे, नावं अर्थातच नाहीत.

म्हणजे दादांची गोष्ट शाळेच्या रजिस्टरशी जुळते. संपामुळेच गेले असं कुठं लिहिलेलं नाही, पण रेल्वेच्या चाळीतलं बिऱ्हाड परीक्षेच्या तोंडावर पोरांची शाळा तोडून उगाच गावी जात नाही.

इंग्लंडमधले लोक पणजोबा शोधायला आधी जनगणना उघडतात. आपल्याकडे तो रस्ता बंद आहे. जनगणना १८७२ पासून झाली, पण घरोघरची नावं बघायला मिळत नाहीत, १९४८ च्या कायद्याच्या कलम १५ नं तर ती कोणालाच दाखवता येत नाहीत. रेल्वेचे लंडनला असलेले कागद बघायचा सल्ला एका मित्रानं दिला. तिथं गोरे ड्रायव्हर, गार्ड, त्यांचे बाप्तिस्मे-लग्नं सगळं सापडतं. पहार मारणाऱ्या गँगमनचं तिथं कोण लिहून ठेवणार?

२४ फेब्रुवारी

तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुक बघितलं. म्हणजे गाव नमुना नंबर १४, जन्म-मृत्यूची वही. २०२३ मध्ये शिंदे समितीच्या वेळी कुणबी नोंदी शोधायला जी दप्तरं बाहेर निघाली त्यातलंच हे, त्यामुळे गठ्ठे गाववार नीट लावलेले होते. अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, आणि रेकॉर्ड कीपर भला माणूस, स्वतः शिडीवर चढला.

ज्यांनी ही वही बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख. नाव ठेवायच्या आधीच कोतवाल वर्दी देऊन मोकळा. त्यामुळे आजोबा शोधायचे म्हणजे पणजोबांच्या नावावर जन्मलेला "मुलगा" शोधायचा. आजोबांचा जन्म बहुतेक गावीच झाला, बाळंतपणाला पणजी आलेली असणार, कारण नोव्हेंबर १९२० ला एक मुलगा सापडला. गेला की १ जून!

मृत्यू: पणजोबा, फेब्रुवारी १९३५, वय अंदाजे ४०, कारण ताप. त्या पानावर वरपासून खालपर्यंत तापच आहे, मध्ये एखादा हगवण आणि एक सर्पदंश. मलेरिया, टायफॉईड, क्षय, न्यूमोनिया, कोतवालाला काय कळणार, अंग गरम होतं ना, मग ताप. आत्याआजीचं बरोबर निघालं तरी.

थोरल्या भावाचा मृत्यू या वहीत नाही. इगतपुरीकडे मेला तर इथं वर्दी कोण देणार.

९ मार्च

नाशिकच्या रामकुंडावर गेलो. आमच्या गावचे तीर्थोपाध्याय, म्हणजे तिथं येणाऱ्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या ठेवणारे गुरुजी, कोण हे गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं म्हणून बरं, नाहीतर तिथं पहिला प्रश्न हाच, कुठल्या गावचे, आडनाव काय. गाव सांगितलं की ज्यांच्याकडे ते गाव आहे त्यांच्याकडे पाठवतात. गुरुजींनी घरात बसवलं, पाणी दिलं आणि कपाटातून लाल कापडात बांधलेल्या वह्या काढल्या. लांबट, आडव्या, शिवलेल्या. आमच्या गावची पानं निघाली तर वरती माझ्याच काकांची १९९१ ची सही, सिंहस्थात आले होते तेव्हाची, बॉलपेननं. मग मागं मागं जात जात आजोबा, मग पणजी, फाल्गुन शके १८५६, डाव्या अंगठ्याचा ठसा, शेजारी गुरुजींच्या आजोबांनी लिहिलेलं "निशाणी अंगठा". शकात ७८ मिळवायचे पण पौषात इंग्रजी साल बदलतं म्हणून फाल्गुनाला ७९, म्हणजे १९३५ चा मार्च. कोतवाल बुकाशी बरोबर जुळलं, नवऱ्याच्या अस्थी घेऊन आलेली.

त्याच्या आधीचं पान मोडीत. गुरुजींनी चष्मा पुसून दोन ओळी लावल्या, पुढं म्हणाले, "फोटो घ्या आणि कोणाकडून तरी नीट वाचून घ्या, मी चुकीचं सांगायचो." दक्षिणा किती हे सांगितलं नाही, मीच विचार करून दिली.

११ मार्च

मोडी वाचणारे एक काका आहेत, निवृत्त शिक्षक, त्यांना फोटो पाठवला होता. रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर उत्तर आलं, तेही टाईप केलेलं नाही, कागदावर सुवाच्य बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहून त्याचा फोटो.

भाद्रपद शके १८५०, म्हणजे १९२८ चा सप्टेंबर-ऑक्टोबर. थोरला भाऊ "घाटात आगगाडीखाली मयत", त्याच्या अस्थी. बाप आणि आई दोघांच्या नावाआधी कैलासवासी. भावाच्या बायकोचं नाव, तिचं माहेर घोटीकडचं एक गाव. मूलबाळ लिहिलेलं नाही. आणि खाली सही पणजोबांची, "दस्तुर खुद्द".

मोडीवाल्या काकांनी वेगळी टीप दिली की वरचा मजकूर आणि सही एकाच हातची आहे आणि हात सराईत आहे. म्हणजे गँगमन पणजोबा मोडी लिहायचे. आमच्या घरात "आपली पहिली शिकलेली पिढी" म्हणून आजोबांचा मान आहे, आणि त्यांच्या बापानं १९२८ साली भावाच्या मरणाची नोंद स्वतः लिहिलीय, तीही रेघेला लटकवून, एका दमात, हात न उचलता. आजोबांना हे माहीत नसेल असं वाटत नाही. मग सांगितलं का नाही?

थळ घाट म्हणजे आपला कसारा घाट, तिथली लाईन १८६५ ला इगतपुरीपर्यंत आली, चढ ३७ ला १. गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावून चढवतात अजून. १९२८ ला कल्याण-इगतपुरी विजेचं काम चालू होतं, १९३० पर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. पावसाळ्यात दरडीखाली, धुक्यात, रुळावर काम करणारी गँग. दोघं भाऊ एकाच गँगमध्ये होते का ते बघायला गँगचं हजेरीपत्रक लागेल, आणि तसं कोणी जपलेलं ऐकलं नाही.

२३ मार्च

आपले अभिलेख या सरकारी साईटवर नाशिक जिल्ह्याचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव कधी नि का बदललं त्याच्या नोंदी, स्कॅन केलेले आहेत, घरबसल्या पैसे भरून उतरवता येतात. गट नंबरवरून जुना सर्व्हे नंबर काढला आणि टेशनाच्या पट्टीचे फेरफार मागंपासून लावले. अर्धं मोडी अर्धं बाळबोध, पण तलाठ्याची भाषा ठराविक असते, एकदा सवय झाली की लागतं.

पट्टी थोरल्या भावाची. वाटण्या आधीच झालेल्या, पणजोबांच्या वाट्याला गावठाणालगतचा एक तुकडा. पट्टी सावकाराकडे गहाण.

१९२८ अखेर: खातेदार मयत, वारस बायको, तिचं नाव दाखल.

१९२९: सदर बाईने ४०० रुपये देऊन गहाण सोडवले.

१९३२: सदर बाईने पाट लावला सबब नाव कमी, दीर यांचे नाव दाखल.

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. ही तिसरी ओळ मी सारखी वाचतोय. पणजोबांच्या पगारातून सोडवलेली पट्टी म्हणून जे आम्ही सांगत आलो त्यात पणजोबांचा एक पैसा दिसत नाही.

२९ मार्च

४०० रुपये एका विधवेकडे १९२९ साली कुठून आले, याच्यावर डोकं चालवलं. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. कामावर मेलेल्या प्रौढ कामगाराच्या माणसांना ३० महिन्यांचा पगार किंवा २५०० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम. महिना १४ रुपये धरले तर ४२० होतात. आकडा मीच धरलाय, पुरावा नाही म्हणत, पण फार लांबही नाही.

ओळखीच्या वकीलताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कायद्यातली अवलंबितांची यादी बघ. बायको आहे, आई-बाप आहेत, अज्ञान मुलं आहेत, भाऊ फक्त अज्ञान असेल तर. आई-बाप आधीच गेलेले, मूल नाही, पणजोबा तर तिशीतले. म्हणजे भरपाई मिळाली असेल तर सगळी तिचीच.

आणि पाट लावल्यावर नाव का गेलं? १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा, जो शाळेत आपण सुधारणा म्हणून पाठ करतो, त्याचंच कलम २. पुन्हा लग्न केलं की आधीच्या नवऱ्याच्या मिळकतीतला हक्क संपला, जणू ती त्या दिवशी मेलीच असं धरायचं. पाट तर आपल्या कुणब्या-माळ्यांत त्या कायद्याच्या कितीतरी आधीपासून होताच, त्यासाठी कोणाला कायदा लागत नव्हता. मग जमीन कायद्यानं पणजोबांची झाली हे खरं, गहाण तिनं फेडलं हेही खरं. ताई म्हणाल्या, तेव्हा तिनं गहाणाच्या पैशासाठी दावा लावला असता तर काहीतरी निघालं असतं. कोण लावणार दावा, सिन्नरच्या कोर्टात, दुसऱ्याच्या घरी नांदायला गेलेली बाई.

१३ एप्रिल

गावी गेलो, काकांना सगळं दाखवलं. कांद्याची काढणी चालू, खळ्यातच बसलो. काकांनी उतारे हातात घेतले, चष्मा नव्हता तरी बघितले, म्हणाले, "हे आता कशाला उकरू राहिला तू? शंभर वर्षं झाली." मी म्हटलं भांडायला नाही काका, नाव तरी असू द्या. ते म्हणाले नाव काय, गावाला माहीतच आहे, म्हणून तर टेशनाची पट्टी म्हणतात, टेशनावर मेला त्याची पट्टी.

म्हणजे काकांना माहीत होतं! मी विचारलं मग आजोबांचा बाप गाडीखाली गेला असं का सांगता. तर म्हणे, "पोरांना दोन दोन माणसं कुठं समजावत बसायचं." बास, एवढंच. आम्ही तीन पिढ्या ज्याच्यावर वाद घातला त्याचं कारण एवढंच की मूलबाळ नसलेल्या एकाची आठवण दुसऱ्याच्या अंगावर घातली, सांगायला सोपं.

काकूनं मात्र खळ्यातून उठताना हळूच विचारलं, "त्या बाईचं पुढं काय झालं?" हा प्रश्न इतक्या दिवसांत घरातल्या एकाही पुरुषानं विचारला नव्हता.

२० एप्रिल

परत आत्याआजी. या वेळी कागद नेले नाहीत, नुसतं विचारलं, थोरली पाट लावून गेली ना? आजी बराच वेळ पदराशी खेळत बसली. मग म्हणाली, "गेली कशाची. दिली. बिनलेकराची बाई, अंगावर जमीन, आणि घरात नोकरी गेलेला दीर, चार तोंडं. तिला कोण विचारणार होतं." मायनं सांगितलं का असं? "माय सांगायची, थोरलीच्या पट्टीनं तुम्हाला जगवलं. बाप गेला तेव्हा पट्टी होती म्हणून कोणाच्या दारात गेलो नाही."

आणि एक नवीन गोष्ट. थोरली नंतर घोटीच्या बाजाराला भेटायची, पणजीला लुगडं घ्यायची. दुसऱ्या घरी तिला मुलं झाली. आत्याआजीच्या लग्नात ती आली होती आणि मागं बसली होती, पणजीनं हाताला धरून पुढं आणली, तेव्हा पुरुषमंडळी काही बोलली नाहीत. साल विचारलं तर आजी म्हणे बापू गेले त्याच्या पुढचं, म्हणजे गांधीजी गेले त्याच्या पुढचं, १९४९ धरतो. म्हणजे तोपर्यंत हयात.

२७ एप्रिल

पुढची कामं लावली. मुंबईच्या अभिलेखागाराला पत्र टाकलंय, १९२८-२९ चे नुकसानभरपाईचे काही कागद त्यांच्याकडे आहेत का म्हणून. थोरलीच्या माहेरचं गाव इगतपुरी तालुक्यात, त्या गावचं कोतवाल बुक मे महिन्यात बघणार. पाटाची कुठं नोंद असणार नाही, पण दुसऱ्या नवऱ्याचं गाव माहेरच्या माणसांकडून कळेल. त्या गावातल्या एका शिक्षकांचा नंबर मिळालाय, फोन केला तर म्हणाले या सुट्टीत, म्हातारी माणसं आहेत अजून.

वंशावळ नव्यानं काढली, मोठ्या कागदावर. पणजोबांच्या वर डावीकडं थोरला भाऊ, त्याला जोडून थोरली, आणि तिच्यापासून दुसरी रेघ उजवीकडं मोकळी सोडलीय, तिच्या पुढच्या मुलांसाठी. फॅमिली ग्रुपवर टाकली. पहिला रिप्लाय काकांचा, "छान आहे पण अॅफिडेव्हिटला हात लावू नको, धाकट्याची व्हॅलिडिटी अजून पेंडिंग आहे." बरोबर आहे त्यांचं, तो कागद तसाच राहू दे. काकूनं मात्र खासगीत मेसेज केलाय, मे मध्ये घोटीला जाशील तेव्हा मला पण घेऊन जा.